ब्रेक्झिटनंतरची खुर्चीची पडझड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या पश्चिमेला स्लाव नावाचं गाव आहे, तिथे मी राहतो. २०१६ पासून सांगलीची आई, पुण्यातले जुने सहकारी आणि गोव्याचे सासरचे लोक, सगळे मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारत आले आहेत: "तुमच्याकडे परत पंतप्रधान बदलला?" ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, ऋषी सुनक आले तेव्हा तर दोन दिवस फोन खाली ठेवता आला नाही. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकत्र लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. ब्रेक्झिटचं सार्वमत म्हणजे नेमकं काय झालं होतं?

२३ जून २०१६, गुरुवार. युरोपीय महासंघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढ्या एकाच प्रश्नावर देशभर मतदान झालं. बाहेर पडण्याच्या बाजूने १,७४,१०,७४२ मतं पडली, राहण्याच्या बाजूने १,६१,४१,२४१. टक्क्यांत सांगायचं तर ५१.९ विरुद्ध ४८.१, आणि मतदान ७२.२ टक्के. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडायच्या बाजूने, स्कॉटलंड (६२ टक्के) आणि उत्तर आयर्लंड (५५.८ टक्के) राहायच्या बाजूने. लंडनने राहायचं म्हटलं, पण लंडनला चिकटून असलेल्या आमच्या स्लावने बाहेर पडायचं म्हटलं.

मतपत्रिकेवर दोनच चौकटी होत्या, आणि 'बाहेर' म्हणजे नक्की कुठे, हे त्यांत कुठेच नव्हतं. नॉर्वे महासंघाबाहेर आहे, पण सामायिक बाजारपेठेत आहे. तुर्कस्तान बाहेर आहे, पण जकातीपुरता आत आहे. कॅनडा साफ बाहेर आहे, त्याचा फक्त व्यापार करार आहे. या सगळ्याच जागा 'बाहेर'मध्ये मोडतात. एक घाव दोन तुकडे होतील या अपेक्षेने लोकांनी मत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तुकडे किती आणि कुठून पाडायचे ते अजून कोणी ठरवलेलंच नाही. पुढची सगळी पडझड या एका भोकातून झाली, असं माझं मत आहे. खालची बरीच उत्तरं फिरून इथेच येतील.

२. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांना हे सार्वमत घ्यायची गरजच काय होती?

देशाला होती का, यावर वाद घाला. त्यांच्या पक्षाला होती. हुजूर पक्षात युरोपवरून तीसेक वर्षं भांडण चालू होतं. त्यात नायजेल फराज यांचा युकिप पक्ष हुजूर पक्षाचेच मतदार पळवू लागला. जानेवारी २०१३ मध्ये कॅमेरून यांनी जाहीर केलं की पुढची निवडणूक जिंकलो तर सार्वमत घेऊ. २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ब्रिटनमध्ये युकिप पहिला आला, आणि मग माघारीची वाटच उरली नाही.

त्या वेळी कॅमेरून यांचं आघाडी सरकार होतं आणि लिबरल डेमोक्रॅट हा मित्रपक्ष युरोपवादी होता. पुन्हा आघाडीच आली तर मित्रपक्ष सार्वमत होऊच देणार नाही आणि आपलं वचन आपोआप बारगळेल, असा हिशेब त्यामागे होता असं अनेक जण मानतात. पण २०१५ मध्ये हुजूर पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं आणि वचन गळ्यात पडलं.

३. पन्नास टक्क्यांच्या थोडंसं वर जाऊन एवढा मोठा निर्णय? आणि तो बंधनकारक होता का?

कायद्याने बंधनकारक नव्हता. सार्वमताच्या २०१५ च्या कायद्यात निकालाची अंमलबजावणी करायलाच हवी असं कलम नव्हतं. पण सरकारने घरोघरी पत्रक पाठवून 'तुम्ही ठरवाल ते आम्ही करू' असं कळवलं होतं. त्यामुळे राजकारणाच्या दृष्टीने हात बांधलेलेच होते.

किमान मतदानाची किंवा दोन तृतीयांशाची अटही नव्हती. अशी अट घातली की काय होतं त्याचं उदाहरण ब्रिटनमध्येच आहे. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या स्वतंत्र विधिमंडळासाठी सार्वमत झालं. 'हो' म्हणणारे ५१.६ टक्के निघाले, पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी 'हो' म्हटलं पाहिजे अशी अट होती आणि ते प्रमाण ३३ टक्क्यांच्या आतच राहिलं. प्रस्ताव पडला. स्कॉटिश राष्ट्रवादी खासदार चिडले, जेम्स कॅलहॅन यांच्या सरकारवर अविश्वास ठराव आला, आणि २८ मार्च १९७९ च्या रात्री सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने कोसळलं. पाठोपाठ मार्गारेट थॅचर आल्या. म्हणजे अट घाला नाहीतर घालू नका, खुर्ची काही वाचत नाही.

४. सार्वमत हरल्यावर पंतप्रधानाने राजीनामा द्यायलाच हवा, असा नियम आहे का?

नाही. आमच्या आईचा प्रश्न मला आजही आठवतो: "अरे, हरला तर हरला. निवडणूक थोडीच हरला? खुर्ची कशाला सोडायची?" कायद्याने तिचं बरोबर होतं. सार्वमताआधी कॅमेरून स्वतःही हेच म्हणत होते की निकाल काहीही लागो, मी राहणार. २४ जूनला सकाळी सव्वाआठच्या सुमारास पत्नीला बरोबर घेऊन ते दहा डाउनिंग स्ट्रीटच्या दाराबाहेर आले आणि म्हणाले, पुढचा प्रवास नव्या कप्तानाने करावा.

अडचण अशी होती की बाहेर पडल्याने देशाचं नुकसान होईल असं ते चार महिने गावोगाव सांगत फिरले होते. तेच काम आता त्यांनीच कोणत्या तोंडाने करायचं? शिवाय महासंघ सोडण्याची अधिकृत सूचना, म्हणजे पन्नासावं कलम, निकालानंतर लगेच लागू करू असं ते म्हणाले होते. तेही त्यांनी पुढच्यावर सोपवलं.

इतरत्र काय झालं ते पाहा. नॉर्वेत १९७२ मध्ये युरोपचं सार्वमत हरल्यावर पंतप्रधान ब्राटेली गेले. फ्रान्समध्ये १९६९ मध्ये द गॉल गेले. इटलीत डिसेंबर २०१६ मध्ये मातेओ रेन्झी गेले. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत २०१४ मध्ये हरल्यावर दुसऱ्याच दिवशी ॲलेक्स सॅमंड यांनी पद सोडत असल्याचं सांगितलं. ग्रीसचं मात्र उफराटं: जुलै २०१५ मध्ये त्सिप्रास यांनी सार्वमत जिंकलं, आठवडाभराने जनतेने नाकारलेल्या कर्जाच्या अटींहूनही कडक अटी मान्य केल्या, आणि सप्टेंबरात पुन्हा निवडूनही आले! हरूनही निवडून आलेला नेता पाहायचा असेल तर त्यासाठी गोव्याला जावं लागेल (प्रश्न १५ पाहा).

५. मग जिंकलेल्या बाजूचा नेता पंतप्रधान का झाला नाही?

याचं उत्तर ३० जून २०१६ च्या सकाळी आहे. बाहेर पडण्याच्या मोहिमेचा चेहरा होते बोरिस जॉन्सन, आणि त्यांचे सेनापती मायकेल गोव्ह. ठरलं होतं असं की जॉन्सन उभे राहतील आणि गोव्ह पाठिंबा देतील. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत अर्ज भरायचे होते. सकाळी नऊच्या सुमारास गोव्ह यांनी जाहीर केलं की जॉन्सन यांना हे नेतृत्व झेपणार नाही, मीच उभा राहतो. बाराला काही मिनिटं उरली असताना लंडनच्या एका हॉटेलात जॉन्सन भाषणाला उठले. नवा नेता कसा हवा याचं त्यांनी लांबलचक वर्णन केलं, आणि शेवटी म्हणाले, तो नेता मी असू शकत नाही. समोर बसलेले त्यांचे समर्थक खासदार आ वासून बघत राहिले. त्यातल्या काहींनी आदल्या रात्रीपर्यंत त्यांच्यासाठी मतं मोजली होती.

पाठीत वार करणाऱ्यालाही फळ मिळालं नाही. खासदारांच्या दुसऱ्या फेरीत थेरेसा मे यांना १९९, अँड्रिया लेडसम यांना ८४ आणि गोव्ह यांना ४६ मतं पडली. उरलेल्या दोघींत पक्षाचे सभासद निवड करणार होते. तेवढ्यात लेडसम यांची एक मुलाखत छापून आली. आपण आई आहोत म्हणून देशाच्या भवितव्याशी आपला जास्त संबंध आहे, असा तिचा सूर निघत होता. मे यांना मूलबाळ नाही. ओरड झाली आणि ११ जुलैला लेडसम यांनी माघार घेतली. १३ जुलैला मे पंतप्रधान झाल्या, त्याही सभासदांचं एकही मत न पडता. महासंघातून बाहेर पडायचं काम ज्यांच्याकडे आलं, त्यांनी प्रचार 'राहू या' असा केला होता.

६. निवडणूक न होता पंतप्रधान बदलतो तरी कसा?

आपल्याकडे मुख्यमंत्री बदलतो तसाच. लोक खासदार निवडतात, आणि कॉमन्स सभागृहात ज्याच्यामागे बहुमत तो पंतप्रधान. हुजूर पक्षाची तेव्हाची पद्धत दोन टप्प्यांची होती: खासदारांनी चाळत चाळत दोन उमेदवार उरवायचे, मग देशभरच्या पक्षसभासदांनी टपालाने त्यांतला एक निवडायचा.

हटवायची तेव्हाची पद्धत जास्त मजेशीर होती. पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी '१९२२ समिती'च्या (म्हणजे पक्षाच्या खासदारांच्याच समितीच्या) अध्यक्षाला पत्रं लिहिली की नेत्यावर अविश्वासाचं मतदान व्हायचं. पत्रं गुप्त. किती आली ते एकट्या अध्यक्षाला ठाऊक. त्या काळात हे काम ग्रॅहम ब्रेडी यांच्याकडे होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती वाचून इथले वार्ताहर बातम्या करायचे. नेता मतदानात तरला तर वर्षभर त्याला पुन्हा आव्हान देता येत नाही. कागदावर तरी तसंच.

७. हरली सरकारची बाजू, मग विरोधी मजूर पक्षात कशाला भांडणं?

कारण जेरेमी कॉर्बिन यांनी 'राहू या'चा प्रचार अर्ध्या मनाने केला, असं त्यांच्याच खासदारांना वाटत होतं. निकालानंतरच्या शनिवारी रात्री उशिरा त्यांनी हिलरी बेन यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून राजीनाम्यांची रांग लागली. २८ जूनला मजूर खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. दुसरा कोणी असता तर गेला असता. कॉर्बिन म्हणाले, मला खासदारांनी नव्हे, सभासदांनी निवडलं आहे. सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि ते जवळपास ६२ टक्के मतांनी परत आले.

८. फराज तर जिंकले होते, त्यांनी का सोडलं?

माझं काम झालं, असं ४ जुलैला ते म्हणाले आणि युकिपच्या नेतेपदावरून उतरले. त्यांच्या जागी आलेल्या डायान जेम्स १८ दिवसांत गेल्या. फराज नंतर ब्रेक्झिट पार्टी घेऊन परतले, आणि २०२४ मध्ये 'रिफॉर्म यूके'चे खासदार म्हणून कॉमन्समध्ये आले.

९. थेरेसा मे यांना शेवटी कोणी पाडलं? विरोधकांनी की स्वतःच्या लोकांनी?

स्वतःच्या लोकांनी, पण त्यांना सुरी स्वतः मे यांनीच दिली. एप्रिल २०१७ मध्ये मतचाचण्यांत मोठी आघाडी दिसत होती, म्हणून त्यांनी मुदतीआधी निवडणूक जाहीर केली. जूनमध्ये निकाल लागला: ३१७ जागा. असलेलं बहुमतही गेलं. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर सरकार उभं राहिलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं.

त्यानंतर प्रश्न १ मधलं भोक मोठं होत गेलं. युरोपशी जवळचं नातं ठेवणारा आराखडा त्यांनी जुलै २०१८ मध्ये चेकर्स इथल्या सरकारी बंगल्यावर मंत्रिमंडळाकडून मान्य करून घेतला. दोन दिवसांत ब्रेक्झिट मंत्री डेव्हिड डेव्हिस गेले, तिसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जॉन्सन गेले. नोव्हेंबरमध्ये महासंघाशी करार तयार झाला, तर नवे ब्रेक्झिट मंत्री डॉमिनिक राब गेले. डिसेंबरमध्ये ब्रेडी यांच्याकडची पत्रं पुरी झाली. मतदान झालं आणि मे २०० विरुद्ध ११७ मतांनी तरल्या.

१५ जानेवारी २०१९ ला करार कॉमन्समध्ये आला. बाजूने २०२, विरोधात ४३२. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा सभागृहात एवढा मोठा पराभव झालेला नव्हता, आणि विरोधात मत देणाऱ्यांत ११८ जण मे यांच्याच पक्षाचे होते. गंमत पाहा, दुसऱ्याच दिवशी सरकारवरच्या अविश्वास ठरावात हेच बंडखोर सरकारच्या बाजूने उभे राहिले आणि सरकार १९ मतांनी वाचलं. करार नको, पण निवडणूकही नको.

मार्चमध्ये करार दुसऱ्यांदा पडला. मग खासदारांनी कारभार हातात घेऊन एकेका पर्यायावर मतदान केलं. २७ मार्चला आठ पर्याय होते आणि आठही पडले. १ एप्रिलला चार होते, तेही चारही पडले. जकात संघात राहण्याचा पर्याय अवघ्या तीन मतांनी हुकला (२७३ विरुद्ध २७६). मी त्या रात्री टीव्हीसमोर होतो. सभापती जॉन बरकाव घसा ताणून एकेक आकडा वाचत होते आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ 'नाही' एवढाच होता. यातला काहीतरी एक मार्ग तर घ्यावाच लागणार होता, पण देशाने 'बाहेर' म्हटलं आणि संसदेला एकही 'बाहेर' पसंत नव्हतं.

मधल्या काळात मे यांनी शेवटचा डाव टाकला: करार मंजूर करा, मी खुर्ची सोडते. २९ मार्चला तिसऱ्यांदा मतदान झालं आणि करार ५८ मतांनी पडला. पंतप्रधानाने स्वतःचा राजीनामा लाच म्हणून देऊ केला आणि तोही कोणी घेतला नाही! २४ मे २०१९ ला त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला.

१०. यात आयर्लंड कुठून आलं? आणि तिथला कोणी मालवणी माणूस होता म्हणे?

आयर्लंड बेट दोन देशांत विभागलेलं आहे. उत्तर भाग ब्रिटनचा, बाकी स्वतंत्र आयर्लंड, आणि ते महासंघात आहे. मधली सरहद्द सुमारे ५०० किलोमीटर लांब. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथली सैनिकी ठाणी गेली आणि आज गाडी कधी पलीकडे गेली ते वेगमर्यादेचे आकडे मैलांतून किलोमीटरमध्ये गेल्यावरच कळतं. ब्रिटन पूर्ण बाहेर पडला तर जकात नाका कुठेतरी उभारावा लागणार. सरहद्दीवर उभारला तर शांतता धोक्यात, समुद्रात उभारला तर उत्तर आयर्लंड बाकीच्या ब्रिटनपासून तुटतं, आणि उभारायचाच नसेल तर बाहेर पडणं नावापुरतं राहतं. मे यांचा करार याच पेचात मेला.

आणि हो, मालवणची गोष्ट खरी आहे. जून २०१७ पासून आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉक्टर अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. १० ऑक्टोबर २०१९ ला लिव्हरपूलजवळच्या एका जुन्या बंगल्यात वराडकर आणि जॉन्सन भेटले, कोंडी फुटली आणि आठवडाभरात नवा करार झाला. नाका समुद्रात गेला. 'हुजूर पक्षाचं कोणतंही सरकार अशा व्यवस्थेवर सही करू शकत नाही, करूही नये' असं जॉन्सन वर्षभरापूर्वी डीयूपीच्या अधिवेशनात ठासून सांगून आले होते. डिसेंबरअखेर वराडकर आई-वडिलांसह वराडला येऊन गेले, तेव्हा गावाने त्यांचं जंगी स्वागत केलं.

११. बोरिस जॉन्सन यांनी संसदच बंद केली, हे खरं का?

काही दिवसांपुरती, हो. जुलै २०१९ मध्ये पक्षसभासदांची ६६ टक्के मतं घेऊन ते नेते झाले. ३१ ऑक्टोबरला काहीही करून बाहेर पडायचं हा त्यांचा हेका होता. खासदार आडवे येणार हे दिसत होतं, म्हणून राणीला सल्ला देऊन त्यांनी संसद पाच आठवडे संस्थगित केली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. अध्यक्षा लेडी हेल निकाल वाचत होत्या आणि त्यांच्या झग्यावर कोळ्याच्या आकाराचा ब्रोच चमकत होता. संध्याकाळपर्यंत तो कोळी छापलेले टी-शर्ट विक्रीला आले.

पण त्या महिन्यातला माझ्या लक्षात राहिलेला दिवस ३ सप्टेंबर. जॉन्सन सभागृहात बोलत असताना फिलिप ली नावाचे त्यांचेच खासदार उठले, समोरच्या बाजूला चालत गेले आणि लिबरल डेमोक्रॅटांच्या बाकावर जाऊन बसले. एका मताचं बहुमत वाक्य पूर्ण व्हायच्या आत संपलं. त्याच रात्री बंडखोरी करणाऱ्या २१ खासदारांना जॉन्सन यांनी पक्षगटातून काढलं. त्यांत माजी अर्थमंत्री होते, आणि चर्चिल यांचा नातूही होता. दोन दिवसांनी सख्ख्या धाकट्या भावाने, जो जॉन्सन यांनी, मंत्रिपद सोडलं. कुटुंबनिष्ठा आणि देशहित यांत आपली ओढाताण होते आहे असं त्यांनी लिहिलं. आपल्याकडे काका-पुतण्याचं राजकारण घराघरांत चर्चिलं जातं, त्यामुळे ही बातमी आईला समजावून सांगावी लागली नाही.

डिसेंबरच्या निवडणुकीत 'एकदाचं उरका' एवढ्याच घोषणेवर जॉन्सन यांना ३६५ जागा मिळाल्या. ३१ जानेवारी २०२० ला गंगेत घोडं न्हालं.

१२. मग जॉन्सन आणि लिझ ट्रस ब्रेक्झिटमुळे गेले का?

थेट नाही. जॉन्सन गेले ते कोविडच्या निर्बंधांत डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या पार्ट्यांमुळे आणि एका सहकाऱ्याच्या गैरवर्तनाबद्दल दिलेल्या उलटसुलट उत्तरांमुळे. जून २०२२ मध्ये पक्षांतर्गत मतदानात ते २११ विरुद्ध १४८ असे तरले (प्रश्न ६ मधलं 'कागदावर तरी' आठवा). महिन्याभरात पन्नासहून अधिक मंत्री आणि सहायकांनी राजीनामे दिले आणि त्यांना जावं लागलं. ट्रस गेल्या कर्ज काढून करकपात करणाऱ्या मिनी बजेटमुळे. एका वर्तमानपत्राने कॅमेऱ्यासमोर लेट्यूसचा गड्डा ठेवला होता: आधी तो सडतो की पंतप्रधान जातात? गड्डा जिंकला. ट्रस यांचा कारभार ४९ दिवसांचा.

तरी संबंध अजिबात नाही असंही म्हणवत नाही. २०१६ ते २०१९ या काळात हुजूर पक्षातले अनुभवी लोक एकेक करून बाहेर पडले किंवा काढले गेले, आणि नेत्याला पाडण्याची चटक लागली ती लागलीच.

१३. सुनक ब्रेक्झिटच्या विरोधात होते ना?

नाही, बाजूने होते, आणि तेही पहिल्यापासून. उलट ट्रस २०१६ मध्ये 'राहू या' म्हणणाऱ्या होत्या आणि नंतर कट्टर ब्रेक्झिटवाल्या झाल्या. जुलै २०२४ मध्ये आलेले किअर स्टार्मर यांनी मजूर पक्ष विरोधात असताना दुसऱ्या सार्वमतासाठी जोर लावला होता. सार्वमताच्या दिवसापासून ५ जुलै २०२४ पर्यंत कॅमेरून धरून सहा जण त्या खुर्चीत बसले: कॅमेरून, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर. कॅमेरून तर नोव्हेंबर २०२३ मध्ये लॉर्ड होऊन परराष्ट्रमंत्री म्हणून परत आले होते. या सगळ्यांत पद टिकलं ते डाउनिंग स्ट्रीटवर २०११ पासून असलेल्या लॅरी या बोक्याचं.

१४. भारतात असं सार्वमत होऊ शकतं का?

राज्यघटनेत तशी तरतूद नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेकडे आहे. तरीही एकदा संसदेने खास कायदा करून लोकांचं मत घेतलं, ते गोव्यात. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (आणि दमण-दीव गुजरातेत), की केंद्रशासित ठेवायचा? विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं मिळाली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. जुनागढ (१९४८) आणि सिक्कीम (१९७५) इथली सार्वमतं विलीनीकरणावर शिक्का मारण्यासाठी होती, त्यामुळे ती मी या रांगेत धरत नाही.

१५. बांदोडकर विलीनीकरणवादी, म्हणजे ते हरले. मग पुन्हा मुख्यमंत्री कसे?

मडगावहून आलेला हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून आधी भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं आणि राष्ट्रपती राजवट आली. म्हणजे राजीनामा निकालानंतर नव्हे, निकालाआधी. जानेवारीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची बाजू हरली, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तीत तोच पक्ष जिंकला आणि एप्रिलमध्ये भाऊसाहेब परत मुख्यमंत्री झाले. १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पदावर होते.

मला याची दोन कारणं दिसतात. एक, त्यांचा मतदार नकाशासाठी त्यांच्यामागे नव्हता. कुळं आणि बहुजन समाज त्यांच्यामागे होता तो जमीन आणि गावोगावच्या मराठी शाळा यांसाठी. ती गरज कौलाने संपली नव्हती. दुसरं, मतपत्रिकेवरचे दोन्ही पर्याय पुरे होते. 'दोन पानं' म्हणजे काय हे लोकांना रोज दिसत होतं, कारण गोवा तेव्हा केंद्रशासितच होता. निकाल लागला आणि तो विषय संपला. कोणत्या प्रकारचा केंद्रशासित, यावर पणजीत आठ ठराव पडले नाहीत.

१६. पुन्हा सार्वमत घेऊन चूक दुरुस्त का केली नाही?

प्रयत्न झाला. प्रश्न ९ मधल्या १ एप्रिल २०१९ च्या मतदानात दुसऱ्या सार्वमताच्या बाजूने २८० मतं होती, विरोधात २९२. बारा मतांचा फरक. त्यानंतर डिसेंबरच्या निवडणुकीने ते दार बंद केलं.

१७. भारतीय पासपोर्टवर तुम्ही सार्वमतात मत दिलंत, असं कुणीतरी सांगितलं. थापा ना?

खरं आहे. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, आणि सार्वमतालाही तीच मतदारयादी धरली. युरोपीय नागरिकांना मात्र, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून, मत नव्हतं.

त्या दिवशी धो धो पाऊस होता. चर्चच्या हॉलमध्ये मतदान केंद्र, ओळखपत्र कोणी मागितलं नाही (फोटोचं ओळखपत्र २०२३ पासून लागायला लागलं), आणि फुली मारायला दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिलची फुली खोडून बदलतील अशी अफवा होती, म्हणून माझ्या पुढच्या आजोबांनी खिशातून बॉलपेन काढलं. शेजारच्या पोलिश बाई अकरा वर्षं इथे कर भरत होत्या, माझी मुलगी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. भिजत परत आलो तेव्हा त्या दारातच होत्या. "आमचं काय ठरवून आलास?" असं त्यांनी हसत विचारलं. मी काय केलं ते सांगितलं, पण मान वर करून सांगता आलं नाही. मत राहण्याच्या बाजूनेच दिलं होतं, तरीही.

१८. आम्ही मूळचे गोव्यातल्या साष्टीचे. भाऊ भारतीय पासपोर्टवर लंडनला होता, बहीण पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडनला. सार्वमतात मत कोणाला होतं?

भावाला. गोवा मुक्त होण्याआधी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येतं. अनेक गोंयकारांनी ते घेतलं आणि महासंघाचे नागरिक म्हणून स्विंडन, साउथॉल, वेम्बली इथे कामाला आले. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे त्यांचं भारतीय नागरिकत्व गेलं, आणि त्याबरोबर राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून असलेला इथला मताधिकारही गेला. म्हणजे ब्रिटनला येता यावं म्हणून बहिणीने जो पासपोर्ट घेतला, त्याच पासपोर्टमुळे तिचं भवितव्य ठरवणाऱ्या मतदानात तिला भाग घेता आला नाही.

३१ डिसेंबर २०२० च्या आधी ती इथे राहत होती आणि ३० जून २०२१ पर्यंत तिने महासंघाच्या नागरिकांसाठीच्या सेटलमेंट योजनेत अर्ज केला असेल, तर तिचा इथला मुक्काम सुरक्षित आहे. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्टवर नव्याने येणाऱ्या गोंयकाराला कामासाठी तुमच्या भावासारखाच व्हिसा काढावा लागतो.